साथीच्या रोगांचा इतिहास आणि दिंडोरीचीं दप्तरें

दिंडोरी हें नांव इतिहासाच्या अभ्यासकास नवें नाहीं. सुरतेहून परतणाऱ्या शिवाजी महाराजांनीं ऑक्टोबर १६७० मध्यें वणी-दिंडोरीच्या परिसरांत दाऊदखानाच्या मोंगली फौजेचा पराभव केला, ही हकीकत शाळेंतील मुलांसहि ठाऊक असते. त्या लढाईची तारीख सांपडते, सरदारांचीं नांवें सांपडतात, फौजांचा मार्गहि नकाशावर आंखतां येतो. परंतु पटकी, देवी, प्लेग आणि हिंवताप या शत्रूंनीं पिढ्यान्‌पिढ्या याच मुलुखांतून माणसें नेलीं; त्यांच्या स्वाऱ्यांची बखर कोणीं लिहिली?

खेड्यापाड्यांतून त्यांची आठवण मात्र उरली आहे. घरांत उंदीर मरून पडूं लागले कीं गांव सोडावा, शेतांत झोंपड्या घालून राहावें, आणि साथ ओसरल्यावर परत यावें, ही प्लेगच्या दिवसांतील रीत जुन्या माणसांच्या तोंडून नातवंडांपर्यंत आली. ती रीत अडाणीपणाची नव्हती. उंदरावरील पिसवेमुळें हा रोग पसरतो असें पॉल-लुई सीमाँ या फ्रेंच वैद्यानें १८९८ सालीं कराचींत प्रयोगानें दाखविलें, आणि पुढें १९०५ पासून मुंबईंत झालेल्या संशोधनानें त्यास बळकटी आली. परंतु आठवणीला साल नसतें. "साथीचें वर्ष" एवढेंच ती सांगते. कोणती साथ, कोणतें वर्ष, किती माणसें, हें विचारावयाचें तर ग्रंथालयाची पायरी चढावी लागते.

पहिला ग्रंथ हाताशीं येतो तो मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सोळावा, नाशिक जिल्ह्याचा भाग. तो १८८३ सालीं छापला गेला. त्यांत आरोग्याचें स्वतंत्र प्रकरण आहे, आणि प्रत्येक तालुक्याच्या वर्णनांत हवा व पाणी यांचाहि विचार केलेला आहे. नवशिक्या अभ्यासक त्यांत प्लेगच्या साथीचा वृत्तांत शोधूं लागतो, तो मिळत नाहीं, आणि दिंडोरीस प्लेग आलाच नसावा असें अनुमान काढून मोकळा होतो. येथेंच पहिला धडा मिळतो. मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनीं प्लेग ओळखला तो सप्टेंबर १८९६ मध्यें, म्हणजे ग्रंथ छापल्यावर तेरा वर्षांनीं. तेव्हां पुस्तक काय सांगतें हें पाहण्याआधीं तें केव्हां लिहिलें गेलें हें पाहिलें पाहिजे.

दुसरी अडचण नांवांची. आजचा वैद्य ज्यास कॉलरा म्हणतो, त्यास जुन्या मराठींत पटकी, वाखा, जरीमरी अशीं अनेक नांवें आहेत. मोडशी हा शब्द कोठें साध्या अपचनास, तर कोठें प्राणघातक पटकीस लावलेला दिसतो. गार्सिया द ओर्ता याच्या, १५६३ सालीं गोव्यांत छापलेल्या पोर्तुगीज ग्रंथांत याच शब्दाचें बदललेलें रूप पटकीसाठीं आलें आहे. "मरीआई कोपली" एवढेंच कागदांत असेल तर रोग कोणता, हें इतर लक्षणांवरून ठरवावें लागतें. अशा वेळीं मोल्सवर्थच्या १८३१ व १८५७ च्या कोशासारखा दुसरा वैद्य नाहीं. त्या काळचा शब्द त्या काळच्या अर्थानें वाचण्यास तो शिकवितो.

तिसरें साधन खानेसुमारीचें. १८९१ सालीं नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या सुमारें ८ लाख ४३ हजार होती. १९०१ सालीं ती सुमारें ८ लाख १६ हजारांवर आली. दहा वर्षांत माणसें वाढावयाचीं, तीं सत्तावीस हजारांनीं घटलीं. हा आंकडा पाहून सारा दोष प्लेगच्या माथीं मारण्याचा मोह होतो. पण याच दशकाच्या शेवटीं, १८९९-१९०० सालीं, छप्पन्नाचा दुष्काळ पडला होता. भुकेनें किती गेले, पटकीनें किती गेले, पोट भरण्यासाठीं किती परमुलुखीं गेले, हें खानेसुमारी एकटी सांगत नाहीं. ती घाव दाखविते. हत्यार दाखवीत नाहीं.

हत्यार शोधण्यासाठीं आरोग्य खात्याचे वार्षिक अहवाल उघडावे लागतात. त्यांतील मृत्यूच्या कोष्टकांत कॉलरा, देवी, ताप, अतिसार, इजा आणि इतर कारणें असे रकाने असत. प्लेगचा रकाना साथ आल्यावर पडला. कोष्टकाचा छाप सुबक असतो, म्हणून तें सत्यच वाटतें. परंतु त्याचें मूळ गांवच्या चावडींत आहे. मृत्यूची नोंद गांवचा पाटील किंवा कोतवाल करी, आणि त्याला वैद्यक येत नसे. ज्याचें अंग तापलें आणि जो गेला, तो तापाच्या रकान्यांत गेला. १९१८ च्या पावसाळ्यानंतर इन्फ्लुएन्झाची दुसरी, भयंकर लाट आली, तेव्हां त्या रोगासाठीं रकानाच नव्हता. बहुतेक बळी तापाच्याच खात्यावर पडले. हिंदुस्थानांत त्या साथीनें एक कोटीहून अधिक माणसें गेलीं असें मानतात, आणि १९११ ते १९२१ या दशकांत देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजीं किंचित् घटली. एवढा मोठा संहार एका मोघम शब्दाखालीं दडून राहिला.

चौथें साधन वृत्तपत्रें आणि चरित्रें. सरकारी अहवालांत घरांची झडती आणि रोग्यांचें विलगीकरण हे निरुपाय म्हणून केलेले उपाय असतात. १८९७ च्या 'केसरी'च्या अंकांत त्याच गोष्टी जुलूम म्हणून येतात. दोन्ही बाजू वाचल्याशिवाय पुण्यांत रँड याचा खून कां झाला हें कळत नाहीं. आणि भगूरचे दामोदरपंत सावरकर १८९९ सालीं प्लेगनें वारले, असें एक वाक्य चरित्रांत वाचलें, म्हणजे नाशिक जिल्ह्याच्या कोष्टकांतील आंकड्यामागें एका घरांतील पोरकीं झालेलीं मुलें उभीं राहतात.

हीं साधनें आतां पूर्वीइतकीं दुर्मिळ नाहींत. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचें ग्रंथालय आणि नाशिकचें १८४० पासूनचें सार्वजनिक वाचनालय यांसारख्या संस्थांनीं जुना संग्रह जतन केला आहे. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयानें हिंदुस्थानांतील रोगांविषयींचे अनेक जुने अहवाल संगणकावर सर्वांस खुले केले आहेत. दिंडोरीच्या तरुणास लंडन गांठण्याचें कारण उरलेलें नाहीं.

खरी चिंता आहे ती छापील नसलेल्या कागदांची. गांवोगांवचीं जन्ममृत्यूचीं जुनीं रजिस्टरें, ज्यांना लोक कोतवाल बुक म्हणतात, त्यांतील कित्येक मोडी लिपींत आहेत आणि त्यांचा कागद ठिसूळ झाला आहे. आज तीं बहुधा जातीच्या दाखल्यासाठीं उघडलीं जातात. वाचणाराची नजर जातीच्या रकान्यावर थांबते; शेजारीं लिहिलेल्या मृत्यूच्या कारणाकडे वळत नाहीं. एखाद्या महिन्यांत एकाच गांवीं तापाच्या नोंदींची रांग लागलेली असेल, तर तीच त्या गांवची साथ होय. पण ती मोजण्यास मोडी वाचणारा डोळा पाहिजे, आणि पान फाटण्यापूर्वीं पाहिजे.

हा अभ्यास निव्वळ हौसेचा नव्हे. प्लेगसाठीं १८९७ सालीं केलेला साथरोग कायदा मार्च २०२० मध्यें महाराष्ट्रांत पुन्हां लागू करावा लागला, आणि त्याबरोबर झडती, विलगीकरण, गांवबंदी हे जुने प्रश्नहि परत आले. त्यांचीं उत्तरें पूर्वजांनीं कशीं दिलीं आणि कोठें चुकलीं, हें दप्तरांत लिहिलेलें होतें. दिंडोरीच्या रणांतील १६७० च्या वीरांस इतिहासानें स्थान दिलें. तापाच्या रकान्यांत निनांवी पडलेल्या माणसांसहि त्यांच्या रोगाचें खरें नांव आणि खरें साल मिळालें, म्हणजे त्या मुलुखाचा इतिहास पुरा होईल.