चाती की आहुती? फ्यूजची कुळकथा

वारासिवनीला माझ्या आत्याच्या घरी हातमाग होता आणि पडवीत कांड्या भरायचा चरखा. उन्हाळ्यात राजेगावहून आम्ही पोरं तिकडे गेलो की आत्याची ताकीद एकच असायची: चातीला हात लावायचा नाही. चाती म्हणजे चरख्याची ती बारीक लोखंडी सळी, जिच्यावर कांडी बसते आणि सूत गुंडाळत जातं. सूत कुठे अडकून तटकन तुटलं तर आत्याला त्याचं काही वाटत नसे. दोन टोकं जुळवून चिमटीत पीळ द्यायची आणि चाक पुन्हा फिरवायची. "तुटलं तं तुटलं, चाती तं नाही वाकली," एवढंच म्हणायची.

पुढे मी वायरमन झालो. बाघ नदीच्या अल्याड राजेगाव, पुलापलीकडे महाराष्ट्र. १९५६ पर्यंत दोन्ही काठ नागपूर राजधानी असलेल्या एकाच राज्यात होते; आता खांब वेगळे, बिलं वेगळी, पण घराघरातलं वायरिंग तेच आणि त्यातल्या चुकाही त्याच. या दोन्ही काठांवर मी तीस वर्षं काम केलं. फ्यूज तर किती बांधले असतील, मोजदाद नाही. पण हा शब्द आला कुठून, असं कधी मनात आलं नव्हतं. मुलीच्या अभ्यासासाठी एक जाडजूड इंग्रजी कोश आणला होता. त्यात सहज तो शब्द पाहिला आणि पुढे लिहिलेलं वाचलं: मूळ लॅटिन फूसस, म्हणजे चाती. मला सरळ आत्याची पडवी आठवली. ज्या घरात चाती वाचवायला सूत तुटू देत होते, त्या घरातला मी आयुष्यभर चातीचंच नाव घेऊन तारा बांधत होतो!

त्या दिवसापासून या शब्दाचा नाद लागला.

ज्यांनी किटकॅट, म्हणजे तार बांधायचा जुना फ्यूज, पाहिलेला नाही अशी पिढी आता आली आहे, म्हणून आधी ती वस्तू सांगतो. पांढऱ्या चिनीमातीचे दोन तुकडे. एक बोर्डावर पक्का, दुसरा त्यात दाबून बसवायचा. काढायच्या तुकड्याला दोन टोकांना पितळी पट्ट्या, त्यांवर एकेक स्क्रू, आणि एका स्क्रूपासून दुसऱ्यापर्यंत खोबणीतून ओढलेली केसासारखी तार. घरात येणारी सगळी वीज त्या केसातून जाते. प्रवाह प्रमाणाबाहेर वाढला की केस वितळतो आणि घरात अंधार होतो. चिनीमातीवर काळा डाग उरतो, जुन्या किटकॅटवर डागावर डाग.

आता वाद. त्याच कोशात दोन ओळी खाली दुसरा फ्यूज होता. तो क्रियापद, अर्थ वितळणे, आणि त्याचं मूळ लॅटिन फुंदेरे, म्हणजे ओतणे. गंमत अशी की फुंदेरेचं भूतकाळी रूपही फूससच. चातीही फूसस आणि ओतलेलंही फूसस! चातीवाला फूसस मुळात कुठला, हे भाषाशास्त्रज्ञांना पक्कं सांगता आलेलं नाही. फुंदेरेचं कूळ मात्र लख्ख आहे, आणि ते वाचून मी खुर्चीत ताठ बसलो. हा धातू आणि आपल्या संस्कृतातला 'हु' धातू एकाच मुळाचे. मूळ अर्थ ओतणे. आपल्या पूर्वजांनी तूप अग्नीत ओतलं, त्याचे शब्द झाले हवन, होम, आहुती. तिकडे रोमनांनी पातळ धातू साच्यात ओतला, त्यातून आली फाउंड्री. आणि तेल ओतायचं नरसाळं म्हणजे फनेल, तेही त्याच घरातलं.

म्हणजे प्रश्न असा: किटकॅटमधली तार चातीच्या वंशातली की आहुतीच्या?

कोशकारांत सरळ दोन तट आहेत. एक तट म्हणतो, तार वितळते म्हणून फ्यूज. यात शोधायचं काय? दुसरा म्हणतो, विजेच्या आधी दोनशेहून अधिक वर्षं इंग्रजीत फ्यूज होताच, तो बॉम्बगोळ्याचा. दारू भरलेली लांबट नळी किंवा दोरी, मध्ये फुगीर, चातीवर गुंडाळलेल्या सुतासारखी दिसणारी. इटालियनमध्ये चातीला फूसो म्हणतात, तोच शब्द तोफखान्यात शिरला. १८८४ च्या सुमारास विजेच्या उपकरणाला हे तयार नाव लागलं, आणि वितळण्याचा अर्थ लोकांनी मागाहून चिकटवला.

मी दुसऱ्या तटाचा. आत्यामुळे असेन, पण केवळ तेवढ्यामुळे नाही. माझा साक्षीदार कॉर्नवॉलचा आहे. तिथल्या टकिंगमिल गावी विल्यम बिकफर्ड नावाचा चामड्याचा व्यापारी होता. भोवती तांब्या-कथलाच्या खाणी. सुरुंगाची वात कधी भसकन पेटायची, कधी विझल्यासारखी वाटून माणूस जवळ गेल्यावर उडायची. रोज कुणाचा हात जायचा, कुणाचे डोळे. बिकफर्ड एका दोर वळणाऱ्या मित्राकडे गेला होता. तो पिळाचे पेड एकमेकांवर चढवताना पाहून याला सुचलं, की या पिळाच्या पोटात दारूची बारीक धार सोडली तर? तागाचं सूत, मध्ये दारू, वरून उलट दिशेचा दुसरा पीळ, आणि सगळ्यावर डांबर. अशी वात ठरल्या वेगाने जळत जाते आणि माणसाला दूर व्हायला वेळ मिळतो. १८३१ साली त्याने पेटंट घेतलं. वस्तूचं नाव: सेफ्टी फ्यूज.

आता पुढचं पाहा. १८८७ मध्ये लंडनच्या तारयंत्र अभियंत्यांच्या संस्थेत कॉकबर्न यांनी विजेच्या दिव्यांच्या रक्षक तारांवर निबंध वाचला. त्याच्या मथळ्यात शब्द आहेत: सेफ्टी फ्यूज. अगदी तेच दोन शब्द, त्याच जोडीने. पन्नासहून अधिक वर्षं इंग्लंडच्या खाणकामगाराच्या तोंडी जे नाव घोळत होतं, ते विजेच्या कारागिराला सुचलं नसेल असं मी तरी मानणार नाही. दोन्ही बारीक आणि लांब, दोन्ही जळून संपायच्या, दोन्ही माणूस वाचवायला. आमचा बालाघाट मँगनीजच्या खाणींचा जिल्हा. सुरुंगाच्या वातीवर आमच्याकडे कितीतरी घरं जगली. आपल्या भाषेनेही तिला वातच म्हटलं आहे, म्हणजे पुन्हा सूत आणि पीळ.

पण विरुद्ध बाजूचा पुरावा झाकून ठेवणं बरं नाही, आणि तो भारी आहे. ज्या इटालियनमध्ये चातीला फूसो म्हणतात, तिथेच किटकॅटच्या तारेला फूसो म्हणत नाहीत. फुसीबिले म्हणतात, म्हणजे वितळणारं. फ्रेंचांचा शब्द फ्युझिब्ल, स्पॅनिशांचा फुसिब्ले. खुद्द इंग्रजांचं सुरुवातीचं एक नाव 'फ्युझिबल कटआउट', वितळून तोडणारं. आपल्या पाठ्यपुस्तकांनी तर मराठीत 'वितळतार' करून निकालच देऊन टाकला. आणि माझ्या गिऱ्हाइकांची बोली? "बल्ब फ्यूज झाला." बल्बमध्ये फ्यूज कुठला? तिथे तार वितळून तुटते एवढंच. ज्यांनी लॅटिनचं नावही ऐकलेलं नाही, ते फ्यूज हा शब्द बरोबर वितळण्याच्या अर्थाने क्रियापदासारखा वापरतात.

त्याच बोलीतलं माझ्या बाजूचं म्हणजे 'उडणे'. सुरुंग उडतो, फ्यूजही उडतो. हे सापडलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. पण रंगही उडतो आणि झोपही उडते, तेव्हा यावर फार भार टाकता येणार नाही.

माझा कौल असा: नाव खाणीतून आलं, चातीच्या घराण्यातलं, इटली-फ्रान्सने ते ऐकलं तेव्हा अर्थावरून आपलं नवं नाव पाडलं, ते आहुतीच्या घराण्यातलं. एका तारेला दोन माहेरं. इंग्रजीपुरता मी चातीवरून हटणार नाही.

वस्तूचा इतिहास त्या मानाने सरळ आहे. तारयंत्राच्या कचेऱ्यांत वीज पडून यंत्रं जळत, म्हणून १८४७ मध्ये फ्रान्सच्या ब्रेगे यांनी मध्ये बारीक तार घालायला सांगितलं. एडिसनचं फ्यूजचं पेटंट १८९० चं. खटक्यासारखा पडणारा आणि पुन्हा वर करता येणारा छोटा ब्रेकर जर्मनीत ह्यूगो श्टोट्झ यांच्या कारखान्यात १९२४ मध्ये निघाला. तोच आजचा एमसीबी.

यातलं एकच पान मला तोंडपाठ आहे, ते विल्यम प्रीस यांचं. ब्रिटिश टपाल खात्यातल्या या अभियंत्याने १८८० च्या दशकात वेगवेगळ्या धातूंच्या तारा वितळवून पाहिल्या आणि हिशेब बसवला: तारेची जाडी मिलिमीटरमध्ये घ्या, तिचा घन करा, त्याचं वर्गमूळ काढा, आणि धातूच्या आकड्याने गुणा. शिशाचा आकडा १०.८, कथलाचा १२.८, तांब्याचा ८०. एक मिलिमीटर जाडीची कथलाची तार सुमारे १३ अँपिअरला वितळेल, तेवढीच तांब्याची ८० ला. ५ अँपिअरच्या फ्यूजसाठी तांब्याची तार घ्यायची तर ती फक्त ०.२ मिलिमीटरची, आणि ती सात-एक अँपिअरला जाते.

आमच्या जिल्ह्यात तांब्याला तोटा नाही. १८७० मध्ये गुंगेरियाला ४२४ तांब्याच्या वस्तू आणि १०२ चांदीचे पत्रे जमिनीतून निघाले, हजारो वर्षांपूर्वी कुणी पुरलेले. १९८२ पासून मलाजखंडला तांब्याची भलीमोठी खाण आहे. आणि घरोघरी माळ्यावर जुन्या वायरचे तुकडे पडलेले असतात, ते तर हाताशीच.

आमच्या घरी तेच झालं. चुलत बहिणीचं लग्न होतं. पाहुण्यांसाठी कॉइलच्या दोन शेगड्या लागल्या होत्या, प्रत्येकी २००० वॅटची, त्यात कुणी इस्त्री लावली. फ्यूज दोनदा उडाला. तिसऱ्यांदा घरातल्याच कुणीतरी तीन-बावीसच्या जुन्या वायरमधली एक तार सोलून किटकॅटमध्ये घट्ट पिळली. मग लाइन गेली नाही, सगळे खूश. बावीस गेजची तार ०.७१ मिलिमीटरची, प्रीसच्या हिशेबाने ती ४८ अँपिअरला वितळते. भिंतीतलं वायरिंग मात्र दहा अँपिअरच्या आतबाहेरचं. त्यातून वीस वाहायला लागले. प्रवाह दुप्पट की उष्णता चौपट.

आधी वास आला. जळक्या रबराचा, थोडा मासळीसारखा. कवेलूंखालच्या लाकडी पट्टीवरून वायर गेली होती आणि तिच्या खाली माळ्यावर तणस भरलेली. बाबूजी पंगतीतून उष्ट्या हाताने उठले आणि लाकडी काठीने मेन स्विच पाडला. शिडी लावून मी वर गेलो. वायरचं आवरण मेणासारखं ओघळून पट्टीवर थिजलं होतं, हातभर तांबं उघडं पडलं होतं, आणि पट्टीचं लाकूड कोळशासारखं काळं. किटकॅटमधली तार जशीच्या तशी होती, चकचकीत. जी जायला हवी ती राहिली होती आणि तिच्या जागी घराची वायर गेली होती. त्या वर्षी मी आयटीआयला नाव घातलं.

फ्यूजकडून त्याच्या आवाक्याबाहेरची अपेक्षाही ठेवू नये. सॉकेट ढिलं झालं, आत चरचर वाजायला लागलं, भोकाभोवती प्लॅस्टिक तपकिरी पडलं, तर फ्यूज गप्प राहतो. तिथे प्रवाह वाढलेला नसतोच, सांधा तापत असतो. तो फ्यूजलाही दिसत नाही आणि एमसीबीलाही. सॉकेट बदलणं एवढाच त्याला उपाय. माणसाला करंट लागला तरी फ्यूज धावून येत नाही. एका अँपिअरचे शंभरातले तीन भाग छातीतून गेले तरी जिवावर बेततं, आणि फ्यूज पाच अँपिअरची वाट पाहत बसतो. त्यासाठी अर्थिंग धड लागतं, आणि गळती ओळखणारा ३० मिलिअँपिअरचा वेगळा ब्रेकर.

मागच्या दिवाळीत राजेगावला धाकट्या भावाकडे उतरलो होतो. घर पक्कं झालंय, किटकॅट गेले, एमसीबी आलेत. बोर्डाचं झाकण उघडून पाहिलं तर दीड स्क्वेअर मिलिमीटरच्या वायरवर ३२ अँपिअरचा एमसीबी. "१६ चा रोजचा पडे, दादा, मंग बदलून घेतला," भाऊ म्हणाला. मी गोंदियाहून १६ चा आणून बसवला. रात्री वहिनीने शेगडी लावली, कुणीतरी गिझर चालू केला, आणि थोड्या वेळाने खट्कन पडला. अंधारातून भावाचा आवाज आला, "दादा, गेली ना पुन्हा लाइन!"

"गेली तं गेली," मी म्हटलं. सकाळी शेगडीला अडीच स्क्वेअरची वेगळी लाइन ओढून दिली.