आर्थिक चिंता आणि ख्रिस्ती समाधान

पैशाची चिंता तीन प्रकारची असते. पहिली आजच्या गरजेची : किराणा भरायचा, मुलांची फी द्यायची, कर्जाचा हप्ता चुकवायचा नाही. दुसरी उद्याची : नोकरी टिकेल का, आजारपण निघाले तर काय. तिसरी तुलनेची : भावाने घर बांधले, आपले राहून गेले. तिन्हींनी झोप सारखीच उडते. पण कारणे वेगळी, म्हणून उपायही वेगळे. ख्रिस्ती श्रद्धेकडे या साऱ्यांना ‘देव देईल’ एवढेच उत्तर आहे, असे मंडळीबाहेरचे लोक समजतात आणि मंडळीतलेही कित्येक समजतात. पवित्र शास्त्र नीट वाचले की हा समज टिकत नाही.

1. समाधान शिकावे लागते

या विषयाचा मुख्य आधार पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्राचा चौथा अध्याय. विपुलता आणि उपासमार या दोन्ही स्थितींत समाधानी राहायला आपण शिकलो, असे पौल तिथे सांगतो. तो तंबू शिवून पोट भरणारा माणूस होता आणि हे पत्र तुरुंगातून लिहीत होता. स्तोइक तत्त्वज्ञही समाधान शिकवत. पण ज्ञानी माणूस स्वतःलाच पुरेसा असतो, हे त्यांचे सूत्र. पौल आपल्या सामर्थ्याचा उगम ख्रिस्तात दाखवतो. शिवाय हा सारा मजकूर येतो तो फिलिप्पैच्या मंडळीने एपफ्रदीताच्या हाती पाठवलेल्या मदतीबद्दल आभार मानताना. घेणाऱ्याने मदत आनंदाने घेतली, गरज लपवली नाही आणि तरी आपली शांती त्या मदतीवर टांगून ठेवली नाही. ख्रिस्ती समाधानाचे हे पहिले लक्षण.

2. आज आणि उद्या

निर्गमाच्या 16 व्या अध्यायात रानातल्या इस्राएलाला रोजचा मान्ना मिळतो. सकाळपर्यंत ठेवलेल्या मान्नात किडे पडतात. मात्र शब्बाथासाठी सहाव्या दिवशी दुप्पट गोळा केलेला टिकतो. म्हणजे साठवण निषिद्ध नाही. अविश्वासापोटी केलेली साठवण निषिद्ध आहे. प्रभूच्या प्रार्थनेत रोजची भाकर मागायची असते, हेही याच शिस्तीचे. उद्याची तरतूद हे आजचे काम असू शकते; उद्याची भीती हे कोणत्याच दिवसाचे काम नव्हे.

पंडिता रमाबाईंच्या जीवनात हा भेद स्पष्ट दिसतो. 1889 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या त्यांच्या शारदा सदन या विधवांच्या शाळेला अमेरिकेतल्या हितचिंतकांनी दहा वर्षांच्या मदतीचे वचन दिले होते. ती मुदत संपेल हे ओळखून बाईंनी केडगावला जमीन घेतली, फळझाडे लावली. पुढे 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली आणल्या, तेव्हा आधीच्या कोणत्याही हिशेबात हा खर्च नव्हता. बाग लावताना त्यांनी हिशेब केला, मुलींना जवळ करताना देवावर भिस्त ठेवली. दोन्ही एकाच श्रद्धेची कामे होती.

3. तुलना

नीतिसूत्रांच्या 30 व्या अध्यायात आगूर देवाकडे दारिद्र्यही मागत नाही आणि श्रीमंतीही. गरजेपुरते अन्न मागतो. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात अन्नवस्त्रात तृप्त राहण्याची शिकवण आहे. तुलनेच्या चिंतेवर औषध हेच : ‘पुरेसे’ म्हणजे किती, हे शेजाऱ्याकडे पाहण्याआधी देवापुढे बसून ठरवणे. विश्वास ठेवला की संपत्ती वाढतेच, ही शिकवण इथे कोसळते. ती तुलनेलाच भक्तीचा मुलामा देते.

4. एक आक्षेप

समाधानाचा उपदेश गरिबाला अन्याय सोसायला शिकवतो, असा आक्षेप घेतला जातो. तो गंभीर आहे, कारण असा गैरवापर झालेला आहे. पण याकोबाच्या पत्रात कापणी करणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि तो आक्रोश परमेश्वराच्या कानी जातो. त्याच पत्रात उघड्या-उपाशी भावाला नुसता आशीर्वाद देऊन वाटेला लावणारा विश्वास निर्जीव ठरतो. समाधान ही स्वतःच्या हावेला घातलेली मर्यादा आहे. दुसऱ्याच्या हक्काच्या मजुरीबाबत समाधानी राहण्याचा अधिकार कोणालाही नाही.

5. निष्कर्ष

म्हणून आजच्या गरजेला काम, प्रार्थना आणि मंडळीची मदत; उद्याच्या भीतीला तरतूद आणि भरवसा; तुलनेला ठरवलेली मर्यादा. यांपैकी पहिल्यात आपण सर्वांत कमी पडतो. आजारपणासाठी प्रार्थनेची विनंती आपण उघड करतो, थकलेल्या हप्त्यासाठी करत नाही. कारण कर्जाकडे आपण पापासारखे पाहतो. पौलाने आपली तंगी पत्रात लिहिली आणि ते पत्र सगळ्या मंडळीसाठी होते. ज्या मंडळीत कर्जात बुडालेल्या माणसाला आपला आकडा न लाजता सांगता येतो आणि ऐकणारे आपली पाकिटे उघडतात, तिथेच समाधानावरच्या प्रवचनाला अधिकार येतो.