पालक कीं आईबाप? परदेशीं दत्तक जाणाऱ्या मुलाच्या कायद्याची हकीकत

बारामती-इंदापूरकडील ख्रिस्ती कुटुंबांतील एखादा भाऊ परदेशीं स्थायिक झालेला असतो. त्यास मूल नसतें. आणि इकडे दुसऱ्या भावाचें पोरकें लेंकरूं आजीपाशीं वाढत असतें. अशा वेळीं, ‘मूल काकाकडे दत्तक द्यावें काय?’ हा प्रश्न घरांत निघतो. मायेच्या दृष्टीनें उत्तर सोपें वाटतें. कायद्याच्या दृष्टीनें तें फार काळ सोपें नव्हतें. तें कां, हें आपल्या मंडळींनीं जाणून घेणें हिताचें आहे.

हिंदूंमध्यें दत्तकाची परंपरा प्राचीन असून १९५६ च्या कायद्यानें ती नव्यानें बांधून दिली. बौद्ध, जैन व शीख हेही त्या कायद्यांत आले. ख्रिस्ती, मुसलमान, पारशी व यहुदी मात्र बाहेर राहिले. त्यांना वाट उरली ती १८९० च्या पालक व पाल्य कायद्याची. परंतु पालक म्हणजे आईबाप नव्हेत. मूल सज्ञान झालें कीं पालकत्व संपे. वारशाचा हक्क आपोआप मिळत नसे. मृत्युपत्र करावयाचें राहिलें, तर पोटच्याप्रमाणें वाढविलेल्या मुलासही रिक्तहस्त राहावें लागे. ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या संहितेचा ११० वा नियम दत्तक मुलास त्या आईबापांचेंच मूल मानतो. पण तोही मुलकी कायद्याप्रमाणें झालेल्या दत्तकाविषयींच बोलतो.

नवल असें कीं, परदेशी दांपत्यालाही हीच वाट होती. येथील न्यायालयांतून तें पालकत्वाचा हुकूम घेई, मूल स्वदेशीं नेई आणि तेथील कायद्यानें त्यास दत्तक करून घेई. म्हणजे एकाच कायद्याच्या आधारें निघालेलें परक्या देशचें जोडपें अखेरीस आईबाप होई, आणि आपल्याकडील ख्रिस्ती जोडपें पालकत्वाच्या पुढें जाऊं शकत नसे.

पुण्याच्या ससून रुग्णालयाजवळील ‘श्रीवत्स’ ह्या शिशुगृहांतून, १९७९ सालीं जन्मलेली एक तान्ही मुलगी दत्तक जाऊन परदेशीं वाढली. तीच लिसा स्थळेकर. २०१३ चा महिला विश्वचषक जिंकणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या क्रिकेट संघांत ती होती. पण सर्वांचेंच दैव असें उजळत नव्हतें. दत्तकाच्या नांवाखालीं मुलांची हेळसांड होते, अशी तक्रार लक्ष्मीकांत पांडे ह्या वकिलांनीं १९८२ सालीं पत्रानें सर्वोच्च न्यायालयाकडे केली. न्या. भगवती ह्यांनीं ६ फेब्रुवारी १९८४ रोजीं निर्णय दिला: आधीं भारतीय घर शोधावें, तें न मिळाल्यासच परदेशचें, परदेशी अर्ज मान्य संस्थेमार्फत, घराच्या चौकशीच्या अहवालासह यावा, आणि बाळाच्या जन्मापूर्वीं किंवा नंतर तीन महिन्यांच्या आंत आईबापांकडून मूल देण्याची संमति घेऊं नये.

पुढें १९९० सालीं ‘कारा’ ही केंद्रीय संस्था स्थापन झाली, व १९९३ च्या हेग करारास भारतानें २००३ सालीं मान्यता दिली. ख्रिस्ती घरांचें दार उघडलें तें २००० च्या बालन्याय कायद्यानें. २००६ च्या दुरुस्तीनें ‘दत्तक’ ह्या शब्दाची व्याख्या झाली. आणि हा मार्ग सर्व धर्मांच्या लोकांस मोकळा आहे, हें सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं स्पष्ट केलें.

२०१५ च्या बालन्याय कायद्यांत काका, आत्या, मामा, मावशी व आजी-आजोबा ह्यांना नातलग मानलें आहे. परंतु परदेशस्थ काकासही ‘कारा’च्या संमतीवांचून मूल नेतां येत नाहीं, सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा हुकूम जिल्हाधिकारी देतात, तो आपल्या लोकांस पुण्यास मिळतो. पांच वर्षांहून मोठें मूल असल्यास त्याचीही संमति लागते. मुद्रांकाच्या कागदावर लिहून दिल्यानें ख्रिस्ती मूल दत्तक होत नाहीं.

मूल परदेशीं काकाकडे जावें, कीं येथेंच मावशीच्या घरीं राहावें, हें ठरविणें कुटुंबाकडे आहे. येथील घर खरोखर नाहीं काय, हें आधीं पाहावें. आणि कोठेंही दिलें तरी पूर्ण दत्तक करून द्यावें. मोशे फारोच्या वाड्यांत वाढला, तरी थोर झाल्यावर आपल्या बांधवांस पाहावयास गेला. म्हणून मुलाच्या आईबापांचीं नांवें, बाप्तिस्म्याचा दाखला व दत्तकाचा हुकूम जपून ठेवावे. तें मोठें होऊन विचारील, तेव्हां उत्तर देणें आपल्यावर आहे.