भेंडे वाय. एम., ५२, लान्सेट

मेडिकल कॉलेजच्या ग्रंथालयात माझी उभी हयात गेली. आताचे तरुण डॉक्टर मोबाइल पुढे करून आपला एच-इंडेक्स दाखवतात, तेव्हा मला कोणत्या पेपरचा दाखला पुढे कोणी दिला हे सांगणाऱ्या सायन्स सायटेशन इंडेक्सचे ते अवजड खंड आठवतात. पातळ कागद आणि मुंगीएवढी अक्षरं. ओळीखाली पट्टी धरल्याशिवाय वाचताच येत नसे. आमच्या कॉलेजला ते कधी परवडले नाहीत. ज्याला गरज त्याने शहरातल्या एका मोठ्या संशोधन संस्थेत जायचं, आणि बहुतेक वेळा त्याच्यासाठी मी जायचो.

या सूचीची कल्पना आली वकिलांकडून. अमेरिकेत १८७३ पासून फ्रँक शेपर्डची कायद्याची सूची निघत होती. जुन्या निकालाचा दाखला पुढे कोणत्या निकालांत दिला गेला, तो कायम राहिला की फिरवला गेला, हे तिच्यात पाहता येई. फिरवलेल्या निकालाच्या आधारावर बोलायला उभ्या राहिलेल्या वकिलाची भर कोर्टात फजिती व्हायची, म्हणून ही सोय. बाल्टिमोरच्या वेल्च मेडिकल लायब्ररीत वैद्यकीय सूचींवर काम केलेल्या युजीन गारफील्डला शेपर्ड कंपनीच्याच एका निवृत्त अधिकाऱ्याने ही रीत सुचवली. १९५५ मध्ये गारफील्डने ‘सायन्स’मध्ये लेख लिहून ती शास्त्रीय लेखनाला लावून दाखवली. खोटे किंवा कालबाह्य ठरलेले पेपर लोकांनी डोळे मिटून आधाराला घेऊ नयेत, हा त्यामागचा एक हेतू. संशोधकाची लायकी ठरवायला हे साधन निघालंच नव्हतं. १९६४ पासून त्याच्या फिलाडेल्फियाच्या संस्थेने ही सूची नियमित काढायला सुरुवात केली.

डॉ. भेंडे यांचा पेपर घ्या. नेहमीच्या कोणत्याच गटाचं रक्त, अगदी ओ गटाचंही, न चालणारी माणसं मुंबईत सापडली, ते सांगणारा जेमतेम दोन पानांचा मजकूर १९५२ च्या ‘लान्सेट’मध्ये आला. तोच आपला बॉम्बे ब्लड ग्रुप. सूचीत तो सापडे ‘भेंडे वाय. एम.’ या नावाखाली. पुढे ५२, लान्सेट, खंड आणि पान. त्याखाली, ज्या वर्षाची सूची असेल त्या वर्षी ज्यांनी त्याचा दाखला दिला त्यांची नावं. पण त्या पेपरवर नावं होती सात. भेंडे, देशपांडे आणि भाटिया मुंबईचे, बाकीचे लंडनचे. छापील सूची पहिल्याच नावावर लागे. देशपांड्यांच्या नावाखाली शोधलं, तर हा पेपर असून नसल्यासारखा! आणि पुढे बॉम्बे ग्रुप हे नावच इतकं रुळलं, की मूळ पेपरचा दाखला द्यायची गरज अनेकांना वाटेनाशी झाली.

उलट टोक म्हणजे ऑलिव्हर लोरी. सेंट लुइसच्या या बायोकेमिस्टने सहकाऱ्यांबरोबर १९५१ मध्ये प्रथिनं मोजायची एक पद्धत लिहिली. ज्याने ज्याने ती वापरली त्याने दाखला दिला, आणि दाखल्यांचा आकडा तीन लाखांच्या वर गेला. उलट वॉटसन-क्रिकचा डीएनएचा पेपर २०१४ मध्ये ‘नेचर’ने काढलेल्या सर्वाधिक दाखल्यांच्या पहिल्या शंभर पेपरांतही नव्हता. खुद्द लोरीलाही आपला हा पेपर फार थोर वाटत नव्हता.

आमच्याकडे सायटेशनच्या आधी मान होता पोस्टकार्डांना. पेपरची प्रत पाठवा, अशी परदेशातून छापील कार्डं यायची. डॉक्टर ती शिपायाकडून ऐटीत मागवून घेत. तिकिटं मुलांसाठी कापली जात. आपला पेपर कोणीतरी वाचलाय हे त्यावरून कळे. कितव्या नंबरावर आहोत, हे कोणी विचारत नसे.

मग प्रमोशनला पेपर लागू लागले, आणि काउंटरवर मागणी बदलली. ‘या विषयावर काय आलंय?’ ऐवजी ‘माझे किती झाले?’ असं विचारणारे आले. एका डॉक्टरांच्या यादीतले निम्मे दाखले त्यांनी स्वतःच स्वतःला दिलेले निघाले. ते वगळू का, असं मी विचारलं. त्यांनी हसून सांगितलं, “राहू द्या हो, आकडा तेवढा लिहा.”

२००५ मध्ये हर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने या सगळ्याचा एक आकडा करून दिला. दहा पेपरांना किमान दहा-दहा दाखले मिळाले, तर एच-इंडेक्स दहा. या हिशेबात आयुष्यात एकच पेपर लिहिणाऱ्याचा इंडेक्स एकच राहतो, मग तो पेपर तीन लाख दाखल्यांचा का असेना.