अंथरुणावर ऐकलेली गाणी

 

सकाळी सडा टाकताना, चूल पेटवताना रेडिओवर ‘उठी उठी गोपाला’ हे गाणं आपल्यातल्या बऱ्याच जणींनी ऐकलेलं असेल. तो आवाज कुमार गंधर्वांचा. ऐकताना कुणाच्या मनातही येत नाही, की या माणसाला क्षयानं पाच-सहा वर्षं अंथरुणाला खिळवून ठेवलं होतं आणि त्यांचं एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालं होतं. आज मी त्यांच्या त्या आजारपणाचा इतिहास सांगणार आहे. कारण त्या काळात त्यांना जी गाणी भेटली, ती तुमच्या-माझ्यासारख्या बायकांची होती.

कुमारजींचं खरं नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली. जन्म ८ एप्रिल १९२४, बेळगावजवळच्या सुळेभावी गावचा. घरची भाषा कानडी. पोरगं लहानपणापासूनच असं गायचं, की लोक तोंडात बोट घालायचे. त्या काळी मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या निघायच्या. फोनोवर त्या ऐकून हे लेकरू हुबेहूब तसंच गाऊन दाखवायचं. ‘कुमार गंधर्व’ ही पदवी त्यांना लहानपणीच मिळाली. पुढं मुंबईत प्रोफेसर बी. आर. देवधर यांच्या गायनशाळेत ते शिकले, तिथंच शिकवूही लागले. १९४७ साली त्याच शाळेत गाणं शिकणाऱ्या भानुमती कंस यांच्याशी त्यांचं लग्न झालं. वय तेवीस. नाव झालेलं, देशभर मैफली चाललेल्या. आणि त्याच वर्षी क्षयाचं निदान झालं.

तेव्हा क्षय म्हणजे काय होतं, हे आपल्या आज्यांना माहीत होतं. डॉक्टर आनंदीबाई जोशी अमेरिकेतून डॉक्टर होऊन आल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या, त्या क्षयानंच. बावीस वर्षंसुद्धा पुरी झाली नव्हती. रोगाचे जंतू जर्मनीतल्या रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्येच शोधले होते, पण जंतू सापडला म्हणजे औषध सापडलं असं होत नाही. औषध यायला आणखी साठ वर्षं लागली. तोवर डॉक्टर एवढंच सांगायचे: कोरड्या हवेत जा, पडून राहा, चांगलं खा. ज्यांना परवडायचं ते जायचे. बाकीचे घराच्या मागच्या खोलीत, वेगळ्या ताटवाटीसह झिजायचे.

कुमारजींना डॉक्टरांनी कोरड्या हवेचं गाव सांगितलं आणि बजावलं, गाणं बंद. गवयाला गाणं बंद म्हणजे शेतकऱ्याला रान बंद. १९४८ च्या जानेवारीत कुमारजी आणि भानुमतीबाई माळव्यात देवासला जाऊन राहिले.

हे देवास आपल्याला वाटतं तेवढं परकं नाही. अठराव्या शतकात मराठे सरदार पवार माळव्यात गेले आणि देवासला त्यांच्या दोन गाद्या झाल्या, थोरली आणि धाकटी. गावाच्या मधोमध एक टेकडी आहे. तिच्यावर दोन देव्या आहेत. छोटी माता म्हणजे चामुंडा, आणि मोठी माता म्हणजे तुळजाभवानी. आपल्या तुळजापूरच्या आईचंच नाव तिकडं सहा-सातशे किलोमीटरवर बायका घेतात. नवरात्रात आपल्याकडं तुळजापूरच्या वाटेवर जशी माणसं चालतात, तशी तिथं टेकडीकडं चालतात.

त्या देवासमध्ये हा तरुण गवई पडून होता. ताप, खोकला, बोलायचंसुद्धा जपून. त्यांची सगळी शुश्रूषा भानुमतीबाईंनी केली. औषधाच्या वेळा, खाणं, रात्रीचं जागरण. शिवाय घर चालवायला देवासमध्ये शाळेत शिकवायची नोकरी धरली. त्या स्वतः गाणाऱ्या होत्या, हे विसरू नका. नवऱ्याचं गाणं थांबलं ते आजारानं. बाईंचं किती थांबलं, याची नोंद इतिहासात फारशी होत नाही. घरात कुणी लांबच्या दुखण्यानं पडलं की एका माणसाचं दुखणं असतं आणि दुसऱ्याचं आयुष्य असतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

याच सुमारास औषध आलं. १९४३ मध्ये अमेरिकेत स्ट्रेप्टोमायसीनचा शोध लागला. क्षयाच्या जंतूवर खरोखर चालणारं हे पहिलं औषध. भारतात ते परदेशातून यायचं, महाग असायचं. ते कुमारजींना मिळालं आणि हळूहळू उतार पडला. हे मी मुद्दाम ठासून सांगते. गाण्यानं क्षय बरा होत नाही. क्षय औषधानं बरा होतो. मग गाण्यानं काय केलं?

पडल्या पडल्या माणूस काय करणार? गाता येत नव्हतं, पण ऐकता येत होतं. माळव्यातल्या बायकांची लग्नातली गाणी, होळीची, पावसाची, देवीची गाणी त्यांच्या कानावर पडायची. नाथपंथी फकीर, जोगी, भिक्षा मागणारे निर्गुणी भजनं म्हणत जायचे, तीही कानावर पडायची. यांतल्या कुणाची तबकडी निघालेली नव्हती. कुणाचं नाव पेपरात आलेलं नव्हतं. गाणं म्हणणारी बाई कुठं शिकली? आईकडून, सासूकडून, शेजारणीकडून.

लहानपणी या माणसानं फोनोवर गाणी ऐकून ती जशीच्या तशी उचलली होती. आता पहिल्यांदा ते जित्या माणसांचं गाणं इतक्या जवळून, इतका वेळ ऐकत होते. तेही स्वतःला गाता येत नसताना. ऐकता ऐकता त्यांना एक गोष्ट उमगली. दोन-तीन-चार सुरांत फिरणाऱ्या या साध्या चालींत रागाचं बी आहे. मोठमोठे राग दरबारात जन्मले नाहीत, ते अशा गाण्यांतून वर आले, असं ते पुढं सांगू लागले. त्यांनी माळव्यातली गाणी जमवली, त्यांचे सूर लिहून काढले. त्या चालींवरून अकरा नवे राग बांधले. त्यांना ते ‘धुनउगम’ राग म्हणायचे, म्हणजे धुनेतून उगवलेले. त्यांतल्या काहींची नावं पाहा: मालवती, लगनगंधार, सहेली तोडी.

१९५३ च्या सुमारास ते पुन्हा मैफलीत बसले. पण तब्येत पहिल्यासारखी झाली नव्हती. दम कमी पडायचा. लांबच लांब ताना घेत बसायची सोय नव्हती. मग त्यांनी छोट्या छोट्या, ठाशीव जागा घ्यायला सुरुवात केली. एक सूर नेमका लावायचा, थांबायचं, पुन्हा उचलायचं. जुन्या वळणाच्या काही जाणकारांना ते पटलं नाही, वाद झाले. पण ऐकणाऱ्यांनी ते गाणं उचलून धरलं. जेवढा श्वास उरला होता तेवढ्यात त्यांनी गाणं बसवलं, आणि तीच त्यांची ओळख झाली.

माळव्याच्या लोकधुनांचा कार्यक्रम त्यांनी मंचावर केला. ज्या गाण्यांना शहरात कुणी विचारत नव्हतं, ती तिकीट काढून आलेल्या लोकांनी ऐकली. कबीराची निर्गुणी भजनं त्यांनी घरोघरी पोचवली. बरे झाल्यावर मुंबई-पुण्याला परत जायचं सोडून त्यांनी देवासलाच टेकडीच्या पायथ्याशी घर केलं. घराचं नाव ‘भानुकुल’. भानुमतीबाई मात्र फार जगल्या नाहीत. १९६१ मध्ये दुसऱ्या बाळंतपणात त्या गेल्या. ज्या बाईनं क्षयाच्या दारातून नवरा परत आणला, तिचा जीव बाळंतपणानं घेतला. पुढं कुमारजींनी वसुंधराताईंशी लग्न केलं. त्याही मोठ्या गायिका, पद्मश्री मिळालेल्या. कुमारजींना १९९० मध्ये पद्मविभूषण मिळालं आणि १२ जानेवारी १९९२ ला देवासलाच ते गेले. ज्यांना तेविसाव्या वर्षी गाणं बंद सांगितलं होतं, ते पुढं जवळजवळ चाळीस वर्षं गायले.

या इतिहासातून मला जे दिसतं ते असं. औषधानं त्यांचं शरीर वाचवलं. भानुमतीबाईंनी ते शरीर औषध लागू होईपर्यंत टिकवलं. आणि पुन्हा गाणारा माणूस म्हणून उभं राहायचं बळ त्यांना माणसांत होणाऱ्या गाण्यानं दिलं. ती माणसं त्यांच्यासाठी गात नव्हती. ती आपापल्या सणाला, आपापल्या देवीला, आपापल्या पोरीच्या लग्नात गात होती. पण आजारी माणसाच्या कानावर ते पडत होतं. तो गावापासून तुटला नव्हता.

इथं आणखी एक जुनी गोष्ट सांगते, कारण ती आपल्या घरांशी जोडलेली आहे. १९५६ मध्ये मद्रासला एक मोठा अभ्यास सुरू झाला. गरीब, दाटीवाटीच्या वस्तीतले क्षयरोगी घेतले. निम्म्यांना सॅनिटोरियममध्ये ठेवलं, निम्म्यांना घरी ठेवून औषध दिलं. १९५९ मध्ये निकाल आला. घरी राहिलेलेही जवळजवळ तितकेच बरे झाले होते. आणि रुग्ण घरी ठेवल्यामुळं घरच्यांना जास्त लागण झाली, असंही दिसलं नाही. त्यानंतर जगभर क्षयाचा उपचार घरी राहून करण्याची रीत पडली. म्हणजे रुग्णाला माणसांतून उठवायची गरज नाही, औषध चुकू द्यायचं नाही, हे साठ वर्षांपूर्वीच सिद्ध झालं आहे.

आपल्या गावांत मात्र अजून उलटं होतं. सुनेला क्षय झाला की तिचं ताट वेगळं होतं. कधी तिला माहेरी धाडतात. ती स्वतःच गटाच्या बैठकीला यायचं सोडते, भजनाला येत नाही, पंचमीच्या फेरात दिसत नाही. कुणी विचारलं तर घरचे म्हणतात, अंगात कणकण आहे. औषधाचे सहा महिने ती एकटी काढते. एकटीला औषध मध्येच सोडावंसं वाटतं, आणि औषध सोडलं की रोग पुन्हा डोकं वर काढतो, जास्त चिवट होऊन.

तेव्हा काही गोष्टी गाठीला बांधा. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला राहिला की सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या. तपासणी फुकट, औषध फुकट. उपचार चालू असताना खाण्यापिण्यासाठी सरकार महिन्याला १००० रुपये बँक खात्यात देतं, त्यासाठी आशाताईंना विचारा. क्षय ताटवाटीनं, कपड्यानं, हात लावल्यानं पसरत नाही. तो फुप्फुसाच्या रुग्णाच्या खोकल्यातून हवेत जातो. औषध नीट सुरू झालं की साधारण काही आठवड्यांत ती भीती खूप कमी होते. नेमकं कधी, ते डॉक्टर सांगतील. तोवर तोंडाला फडकं बांधायचं, बंद खोलीत गर्दी करायची नाही.

आणि भजन? भजन देवळाच्या ओट्यावर, मोकळ्या हवेत असतं. तिला तिथं जरा बाजूला बसवा. तिनं पहिल्या दिवशी गायलंच पाहिजे असं नाही. कुमारजींनीसुद्धा आधी वर्षानुवर्षं ऐकलंच. डॉक्टरांनी हो म्हटलं की तिच्या हातात टाळ द्या. दम पुरला नाही तर ती एक ओळ म्हणेल, पुढची तुम्ही उचला. कोरसाचा उपयोग तरी दुसरा काय असतो? एकीचा श्वास तुटतो तिथं दुसरीचा सुरू होतो.

हे क्षयापुरतंच नाही. गर्भाशयाचं ऑपरेशन झालेली, कॅन्सरच्या उपचारानं केस गेलेली, पक्षाघातानं एक हात लुळा पडलेली बाई आपल्या प्रत्येक गावात आहे. दुखणं सरतं, पण माणसांत परत यायची वाट तिला सापडत नाही. ती वाट आपण दाखवू शकतो.

कुणी म्हणेल, आमच्या गाण्यात कसलं आलंय बळ? आपल्याकडं काय काय आहे ते मोजा. नवरात्रातली आराध्यांची गाणी, हळदीची, पंचमीच्या फेराची गाणी, जात्यावरच्या ओव्या. हेमा रायरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. आयाबायांच्या तोंडून निघालेल्या, लिहिता न येणाऱ्या बायकांनी रचलेल्या. त्यांत सासर-माहेर आहे, शेत आहे, देव आहे, आणि दुखणंही आहे. देवासच्या बायकांना कधी कळलंही नसेल, की आपण म्हटलेल्या चालीवर एक आजारी गवई राग बांधतो आहे. आपलं गाणं कुणाच्या खिडकीतून आत जातं, हे गाणारीला दिसत नाही.

पुढच्या बैठकीत हजेरी घेताना जी बाई तीन महिन्यांपासून आली नाही, तिचं नाव वाचून पुढं जाऊ नका. दोघी जणी तिच्या घरी जा. जमलं तर तिच्या अंगणातच त्या दिवशीची बैठक घ्या आणि शेवटी नेहमीसारखं गाणं म्हणा. ती आतून ऐकेल. कदाचित दारापर्यंत येईल.

बरं तर, येते. राम राम.