गडाची किल्ली, घराचा कोड

तलवाड्याच्या परिसरातून कुटुंबं ऊसतोडीला गेली की घराला चार-सहा महिने कुलूप. अशा घरी अलार्म बसवला, तर त्याचा कोड कुणाकुणाला द्यायचा? प्रश्न जुनाच आहे.

रामचंद्रपंत अमात्यांचं 'आज्ञापत्र' (१८व्या शतकाची सुरुवात) बघा. गडावरच्या बदल्यांची मुदत त्यात ठरलेली आहे: हवालदार ३ वर्षांनी, सरनोबत ४, सबनीस आणि कारखानीस ५. मुदती वेगवेगळ्या का? मला वाटतं, सगळे एकदम नवखे नकोत आणि कुणी एकजण गडावर मुरायलाही नको.

अलार्मचंही तसंच. मुख्य कोड मालकाकडे, बाकी प्रत्येकाला वेगळा. काम संपलं की तेवढाच रद्द. किल्ली परत मागता येते, डोक्यातला आकडा नाही. म्हणून गडावर माणूस बदलायचे, इथे कोड बदलायचा.

आता संशोधनाचा मुद्दा. आज्ञापत्र नियम सांगतं. तो पाळला गेला का, हे सांगत नाही. त्यासाठी प्रत्यक्ष बदल्यांच्या नोंदी शोधाव्या लागतात. घरातही सगळ्यांना एकच कोड दिला, तर दार कुणी उघडलं याची नोंदच उरत नाही.