रथ आणि सभागृह

प्रजेचे रंजन करतो तो राजा, अशी राजा ह्या शब्दाची एक जुनी व्युत्पत्ती सांगतात. राजे गेले, परंतु रंजनाची अपेक्षा गेली नाही. लोकशाहीत लोकरंजन सत्तेवर कसे चढते आणि कसे उतरते, हे पाहावयाचे असेल तर हैदराबादेतील नामपल्लीच्या बागेकडे वळावे.

ह्या बागेचे नाव बाग-ए-आम, म्हणजे सर्वसामान्यांची बाग. १९१३ साली पुऱ्या झालेल्या तेथील नगरभवनात पुढे हैदराबाद राज्याची विधानसभा भरू लागली. मराठवाड्याचे आमदारही १९५६ पर्यंत तेथेच बसत. त्यानंतर ते आंध्र प्रदेशाचे सभागृह झाले.

१९७८ पासूनच्या पाच वर्षांत ह्या राज्याने चार मुख्यमंत्री पाहिले. त्यांचे येणेजाणे दिल्लीच्या मर्जीवर चाले, ही गोष्ट तेलुगू मनाला सलत होती. राम-कृष्णाच्या भूमिकांनी घरोघरी पोहोचलेले नट नं. ता. रामाराव ह्यांनी ती नेमकी ओळखली. २९ मार्च १९८२ रोजी त्यांनी तेलुगू देसम पक्ष काढला, एका मोटारगाडीला ‘चैतन्य रथ’ केले आणि गावोगाव हिंडून तेलुगूंच्या स्वाभिमानाला हाक दिली. पक्षाला वर्ष होण्यापूर्वीच, जानेवारी १९८३ मध्ये, २९४ पैकी दोनशेहून अधिक जागा त्यांच्या हाती आल्या.

दोन रुपये किलो तांदूळ हे त्यांचे वचन. ते निव्वळ आमिष होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. ज्या घरात रोज चूल पेटण्याची शाश्वती नव्हती, तेथे ह्या तांदळाची किंमत निराळीच होती. वंशपरंपरागत ग्रामाधिकाऱ्यांची पदेही त्यांनी रद्द केली. मात्र सारे श्रेय एका नावाभोवती गोळा होऊ लागले, आणि आमदार म्हणजे त्या नावाची केवळ सावली, असे वाटू लागले.

ऑगस्ट १९८४ मध्ये राज्यपाल रामलाल ह्यांनी त्यांना पदच्युत करून भास्करराव ह्यांना मुख्यमंत्री केले. त्या वेळी रामारावांच्या उपयोगी पडले ते हेच आमदार. हृदयावरील शस्त्रक्रियेतून नुकतेच उठलेल्या रामारावांनी त्यांना राष्ट्रपतींसमोर उभे केले. भास्कररावांना बहुमत दाखवता आले नाही, आणि महिन्याभरातच रामाराव परतले. लोकांचा संताप मोठा होता हे खरे. पण निकाल लागला तो आमदारांच्या गणतीने.

हा धडा मात्र मनात मुरला नाही. १९८९ मध्ये त्यांनी एका फटक्यात सारे मंत्रिमंडळ बरखास्त केले. त्याच वर्षी पक्ष हरला, आणि दोन मतदारसंघांतून उभे राहिलेले रामाराव स्वतः कलवकुर्तीत पडले. पुढे नेल्लोर जिल्ह्यातील खेडुत स्त्रियांनी दारूविरुद्ध लढा उभारला. तांदळाला दारूबंदीची जोड देऊन १९९४ साली ते २१६ जागांसह पुन्हा सत्तेवर आले. तांदळासाठी खजिना रिता होत होता आणि दारूचे उत्पन्नही बुडाले. त्यातच घरचा व पक्षाचा कलह विकोपाला गेला. ऑगस्ट १९९५ मध्ये बहुसंख्य आमदार जावई चंद्राबाबू नायडू ह्यांच्या मागे गेले. ज्या गणतीने अकरा वर्षांपूर्वी तारले होते, तिनेच आता बुडविले. जानेवारी १९९६ मध्ये रामारावांचे निधन झाले. त्यानंतर तांदळाचा भाव वाढला. १९९७ मध्ये दारूबंदीही उठली.

मग मागे काय उरले? हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलींना मुलांबरोबरीचा हक्क देणारा कायदा त्यांच्याच कारकिर्दीत झाला. १९९४ साली महाराष्ट्राने आणि २००५ साली साऱ्या देशाने तीच वाट धरली. ह्या हक्काला दरवर्षी खजिन्यापुढे हात पसरावा लागला नाही, की कोणा एकाच्या नावाचा आधार लागला नाही.

रथ माणसाला सभागृहाच्या दारापर्यंत आणून सोडतो. आत मात्र पायी जावे लागते, आणि सोबत्यांना बरोबर घेऊन जावे लागते.